गणपतीच्या घाईत नवी सिस्टिम: विंडोज १०, विंडोज ११ की मॅक?

नवी ऑपरेटिंग सिस्टिम नेमकी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. मॅकओएस ताहो १५ सप्टेंबर २०२५ ला आली, विंडोज ११ ची २५एच२ आवृत्ती ३० सप्टेंबरला. आपल्याकडे त्या दिवसांत गणपती, नवरात्र, दिवाळी अशी कामांची रांग लागलेली असते. त्यात विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत डीटीपी, फ्लेक्स आणि रेडियम कटिंगची दुकानं चालवणाऱ्यांना हा निर्णय टाळता येणार नाही.

संगणक किती नवा आहे यापेक्षा त्याला जोडलेली सगळ्यात जुनी वस्तू कोणती, हे आधी पाहा. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवाना तपासायला पोर्टला लावायची कळ), रेडियमचा कटर, वीस वर्षांपूर्वीचे फॉन्ट, पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पडून असलेली बिलबुकं. नवी सिस्टिम अडते ती इथेच. कोरल (कोरलड्रॉ) किंवा फोटोशॉप अशा डिझाइनच्या सॉफ्टवेअरची चालू आवृत्ती विंडोज ११ वर सहसा त्रास देत नाही.

विंडोज १० वर थांबायचं असेल तर

घरगुती परवान्याच्या संगणकांना मायक्रोसॉफ्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट देते. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. एका खात्यावर १० संगणक बसतात. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते.

ज्याचं सगळं काम जुन्या कोरलवर आणि डोंगलवर आहे, त्याला ही मुदत उपयोगाची आहे. देवगडच्या पेट्यांची लेबलं आणि लग्नपत्रिकांचा एक हंगाम निवांत काढून बदलाची तयारी करता येते. मात्र त्या तारखेनंतर तोच संगणक इंटरनेटवर ठेवून त्यावर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावणं धोक्याचं. फ्लेक्स मशीनला जोडलेला रिपचा (डिझाइन मशीनला छापता येईल अशा रूपात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा) संगणक यातून वेगळा काढा. तो नेटवर नसावा, त्यावर मेल उघडू नये आणि त्याची सिस्टिम बदलूच नये. मशीन आणि रिप एकमेकांशी जुळलेले असतात, अपग्रेडने तिथे काही सुधारत नाही.

विंडोज ११: नेमकं कुठे अडतं

पहिली अट हार्डवेअरची. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम चालू देणारी सोय) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो. कागदावर ४ जीबी रॅम पुरते, डिझाइनला १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. टीपीएम अनेकदा मदरबोर्डवर असतो पण बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी नावाने सापडतो, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम नावाने. अटी चुकवून जुन्या संगणकावर सिस्टिम चढवणारे आहेत, पण तिथे पुढच्या अपडेटची हमी राहत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरवर तर २४एच२ (२०२४ ची आवृत्ती) पासून सिस्टिम सुरूच होत नाही.

दुसरी अडचण ड्रायव्हरची (जोडलेली वस्तू चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची), आणि खरा वेळ जातो तो इथे. विंडोज ११ ला ३२ बिटची आवृत्तीच नाही. म्हणून ३२ बिट विंडोजवर चालणारे जुने डोंगलचे ड्रायव्हर इथे बसत नाहीत, आणि १६ बिटचे जुने इन्स्टॉलर उघडतही नाहीत. ड्रायव्हर ६४ बिटचा असला तरी कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी ही सोय तो अडवू शकते. नव्या संगणकात ती बहुधा सुरूच असते. विंडोज सिक्युरिटी, मग डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन डिटेल्स इथे गेलात की न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी मिळते. ती सोय बंद करून डोंगल चालवता येतं, पण आधी सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून नवा ड्रायव्हर मागा. सोय बंद करणं हा शेवटचा मार्ग, कारण ती संगणकाचं संरक्षण करत असते.

रेडियमच्या कटरचं वेगळंच. बरेच कटर यूएसबी-सिरियल केबलने जोडलेले असतात आणि स्वस्त केबलमध्ये प्रोलिफिक कंपनीची जुनी किंवा नकली चिप असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण येते. जुन्या चिपला "ही चिप २०१२ पासून बंद" अशा अर्थाचा संदेश दिसतो, नकलीला "हा प्रोलिफिक नाही" असा. कटर बिघडलेला नसतो. एफटीडीआय किंवा सीएच३४० चिपची केबल घ्या, कॉम पोर्टचा नंबर आणि बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) कटिंग सॉफ्टवेअरमध्ये पूर्वीचाच ठेवा. समुद्राजवळच्या दुकानात खारी हवा या कनेक्टरांना खाते, त्यामुळे तशीही केबल दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते.

तिसरी बाब फॉन्टची. २०१८ च्या शेवटापासून विंडोजमध्ये फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं तर तो फक्त त्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये जातो. जुनी सॉफ्टवेअर्स तिथे बघतच नाहीत, आणि मग फॉन्ट हरवला असं वाटतं. राइट क्लिक करून "सगळ्यांसाठी इन्स्टॉल" हाच पर्याय घ्या. नॉन-युनिकोड (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी दाखवणारे जुने) मराठी फॉन्ट वापरत असाल तर भाषेच्या प्रशासकीय सेटिंगमध्ये सिस्टिम लोकेल इंग्रजी ठेवा आणि तिथली यूटीएफ-८ ची बीटा खूण काढून टाका. ती राहिली तर काही अक्षरांच्या जागी चौकोन येतात. पोस्टस्क्रिप्टच्या टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचं मात्र काही होणार नाही. अडोबीने त्यांचा आधार जानेवारी २०२३ पर्यंत पूर्ण काढला, सिस्टिम कोणतीही असो.

आणखी दोन गोष्टी नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी बघाव्या. वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स स्वतःकडे ओढून घेतो. फुकटची जागा ५ जीबी, आणि फाइलचा पत्ता बदलल्यामुळे लिंक केलेले फोटो "सापडत नाही" म्हणून दिसतात. तो बॅकअप बंद करून कामाच्या फाइली डी ड्राइव्हवर ठेवा. दुसरं, २४एच२ पासून नव्याने सिस्टिम टाकताना मायक्रोसॉफ्टचं खातं वापरलं तर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. दमट हवेत मदरबोर्ड गेला आणि बदलला की संगणक ४८ आकडी किल्ली मागतो. ती खात्यात जतन असते. तिची प्रत कागदावर काढून दुकानाबाहेर ठेवा.

मॅक कोणाला परवडेल

ज्याचं काम फक्त फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये होतं आणि जो छपाईला पीडीएफ पाठवतो, त्याला मॅक उत्तम. १६ जीबीचा मॅक मिनी कमी वीज खातो, म्हणजे तोच यूपीएस जास्त वेळ साथ देतो, आणि तळकोकणातल्या पावसाळ्यात ही गोष्ट लहान नाही. पण कोरलच्या मॅक आवृत्तीत व्हीबीए मॅक्रो (तीच ती कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत. नंबरिंग आणि पत्रिकेची मांडणी मॅक्रोवर करणाऱ्याचा अर्धा वेग तिथेच जातो. पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) विंडोज टाकलं तरी ॲपलच्या एम मालिकेच्या चिपच्या मॅकवर ते एआरएम प्रकारच्या प्रोसेसरचं विंडोज असतं, म्हणून नेहमीच्या विंडोजसाठी लिहिलेला डोंगलचा ड्रायव्हर त्यात बसत नाही.

जुना इंटेल मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. ताहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे.

लिनक्सचा विचार बिलं आणि इंटरनेटच्या संगणकापुरता ठीक. तिथलं इंकस्केप हे डिझाइनचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण छपाईसाठी सीएमवायकेची (चार शाईंच्या रंगांची) शिस्त आणि डोंगल दोन्ही तिथे सुटत नाहीत.

बदल करायचाच तर असा करा

चालू डिस्कवर अपग्रेड करू नका. ५०० जीबीची नवी एसएसडी घ्या, जुनी काढून ठेवा आणि नवीवर कोरी सिस्टिम टाका. बिघडलं तर केबल बदलून दहा मिनिटांत जुन्या कामावर परत येता. त्याच डिस्कवर अपग्रेड केलंत तर मागे फिरायला फक्त १० दिवस मिळतात, तेही जुन्या विंडोजचं फोल्डर साफ केलेलं नसेल तरच. मॅकवर तर मागे जाण्यासाठी डिस्क पुसावी लागते.

इन्स्टॉलर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर आधीच बनवून घ्या, रेंज असलेल्या ठिकाणी बसून. साधा ६०० व्हीएचा यूपीएस पूर्ण इन्स्टॉलेशनला पुरत नाही, त्यामुळे महावितरणचा देखभालीचा वार असेल तर तो टाळा. आधीच २४एच२ असेल तर २५एच२ चं अपडेट छोटं असतं, एका रीस्टार्टमध्ये उरकतं.

नंतर तपासणीला खऱ्या फाइली घ्या: एक जुनी पत्रिका, एक बिलबुक, एक मोठा बॅनर. त्यात "दऱ्या", "तऱ्हा", "श्री" आणि "क्ष" नीट दिसतात का पाहा. इलस्ट्रेटरमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरं फुटली तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा कंपोझर निवडा. कटरवर १० सेंटिमीटरचा चौकोन कापून पट्टीने मोजा. पेजमेकरच्या फाइलींची पीडीएफ जुन्या संगणकावरच काढून घ्या, कारण आजच्या इनडिझाइनमध्ये त्या थेट उघडत नाहीत.

वेळ निवडताना पंचांग बघा. गणपती उरकून पितृपक्ष लागला की कामं मंदावतात, तो पंधरवडा सगळ्यात बरा. दुसरा मोका जूनअखेर, आंबा आणि लग्नं संपल्यावर, मात्र तेव्हा वीज बेभरवशाची. श्रावणात हात लावू नका, गणपतीची घाई सुरू झालेली असते.

डोंगल आणि केबल ठीक असतील तर विंडोज ११, नसतील तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १०, आणि कटर किंवा मॅक्रोशी संबंधच नसेल तरच मॅक. काढलेली जुनी एसएसडी तारीख लिहून, सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात, तळमजल्याच्या वर ठेवा. चिपळूणने २००५ आणि २०२१ ला पाणी कुठवर येतं ते पाहिलं आहे. ती एसएसडी पुढचे गणपती होईपर्यंत पुसू नका.