एचओ स्केलमधलं वॅग-९ : धामणगावच्या पुलावरून ताडून पाहिलेलं

वर्धा ते बडनेरा या पट्ट्यात राहणाऱ्याला वॅग-९, म्हणजे मालगाडी ओढणारं विजेचं इंजिन, ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. हिरवं अंग, फिकट पिवळा पट्टा आणि मागे कोळशाची लांबच लांब मालगाडी. फाटक पडलं की दुचाकीवर बसल्या बसल्या दहा मिनिटं तेच पाहायचं असतं. म्हणूनच या इंजिनाचं एचओ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान (१:८७) मॉडेल इथल्या गिऱ्हाइकासमोर ठेवणं बनवणाऱ्याला सोपं नाही. मुंबई-पुण्यात खपून जाईल अशी चूक इथे दुसऱ्या दिवशी पकडली जाते.

हे मॉडेल देशातल्याच एका छोट्या कारखान्याचं आहे. माल थोडा थोडा निघतो, त्यामुळे दोन खेपांत फरक पडतो. नाव मुद्दाम टाकलेलं नाही. साध्या डीसी आवृत्तीची किंमत साधारण चार क्विंटल सोयाबीनच्या पैशाएवढी, आवाजाची आवृत्ती त्याच्या दीडपट. एवढे पैसे मोजल्यावर पट्टी हातात घेऊन तपासणी करायचा हक्क आहेच.

खरं वॅग-९ बफरपासून बफरपर्यंत २०,५६२ मिमी लांब. एचओमध्ये ते २३६ मिमी भरायला हवं. मॉडेल २३७ भरतं. दोन बोगींच्या मध्यबिंदूंमधलं अंतर खऱ्यात १२,००० मिमी, म्हणजे मॉडेलवर १३८, तेही बरोबर. (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखाली किंवा इंजिनाखाली फिरणारा चाकांचा सांगाडा. आपल्याकडे ‘एस-४ बोगी’ म्हणायची सवय असल्याने ऑर्डर देताना हा घोटाळा नेहमी होतो.) एका बोगीतल्या पहिल्या आणि तिसऱ्या धुऱ्यातलं अंतर ३,७०० मिमी, मॉडेलवर ४२.५ हवं. ते ४१ आहे. परदेशी मॉडेलची तयार बोगी वापरल्याची ही खूण, पण डोळ्याला सहसा जाणवत नाही.

चाकांचा हिशेब मजेशीर आहे. खरं चाक नवं असताना १,०९२ मिमी व्यासाचं असतं आणि झिजून १,०१६ वर आलं की बाद होतं. मॉडेलचं चाक १२ मिमी, म्हणजे खऱ्यात सुमारे १,०४५. नव्या चाकापेक्षा लहान दिसतं म्हणून तक्रार करणाऱ्यांनी अर्धं आयुष्य उलटलेलं इंजिन घेतलंय असं समजावं. रोज समोरून जाणारी बहुतेक इंजिनं तशीच असतात.

खरी अडचण रुळाची आहे, आणि ती एकट्या या कारखान्याची नाही. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिमी. एचओमध्ये ती १९.२५ मिमीच्या आसपास यायला हवी. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा, तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिमी गेजसाठी काढलेला. म्हणजे प्रत्येक बाजूला जवळजवळ १.४ मिमी कमी. बाजूने पाहिलं तर काहीच कळत नाही. फाटकावर उभं राहून पाहतो तसं समोरून पाहिलं की मात्र धिप्पाड अंगाचं इंजिन बारीक पायांवर उभं दिसतं, चाक आणि बोगीची बाजूची चौकट यांच्यातून उजेड आरपार येतो. यावर दोन उपाय आहेत. स्वतः चाकजोड्या रुंद करून हाताने रूळ टाकायचे, हे काम वर्षभराचं. किंवा चाकांच्या आतल्या बाजू आणि धुरे मॅट काळपट-तपकिरी रंगवायचे आणि समोरचा लोखंडी गार्ड १ मिमीने खाली आणायचा. दुसऱ्या उपायाला एक संध्याकाळ लागते आणि बहुतेक दोष झाकला जातो. चाकाच्या घासपट्टीला, म्हणजे रुळावर टेकणाऱ्या भागाला, रंग लागू देऊ नका; वीज तिथूनच येते.

गंमत अशी की याच विदर्भातल्या शकुंतलेचं मॉडेल करायचं म्हटलं तर ही अडचण उरत नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची नॅरोगेज ७६२ मिमी, एचओमध्ये पावणेनऊ मिमी. एन गेज या आणखी लहान मॉडेलचा ९ मिमी रूळ तिथे जवळपास तंतोतंत बसतो. पण तयार इंजिन कुणी करत नाही, सगळं हाताने घडवावं लागतं. तो वेगळाच विषय.

आता छप्पर. इंजिनाचं छप्पर नीट पाहायचं तर फलाटावरून जमत नाही, पादचारी पूल लागतो. धामणगावला पुलावर उभं राहिलं की मालगाडीचं इंजिन पायाखालून जातं आणि व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर, इन्सुलेटरच्या रांगा, दोन पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारे वरचे सांगाडे), मधून जाणारी जाड पट्टी हे सगळं चार-पाच सेकंद उघडं दिसतं. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, म्हणून पुलाला जाळी मारलेली असते. जाळीतून मोबाइल किंवा सेल्फी स्टिक बाहेर काढायची नाही, विषय संपला. रुळात उतरणं तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाच. आणि पुलगावला कॅमेरा काढूच नका. तिथे लष्कराचं दारूगोळा भांडार आहे, चौकशीत दिवस जाईल.

पुलावरून दिसलेलं छप्पर आणि मॉडेलचं छप्पर शेजारी ठेवलं तर मॉडेल चांगल्या गुणांनी पास होतं. इन्सुलेटर वेगळे ओतलेले आहेत, साच्यातून एकसंध काढलेले नाहीत. पट्टी पितळेची. पँटोग्राफही पितळेचा, पण त्याची स्प्रिंग गरजेपेक्षा ताठ आहे. वर सोडला की झटक्याने उठतो आणि वरची आडवी पट्टी तिरकी होते. चिमट्याने स्प्रिंगचा एक वेढा सैल केला की सुधारतं. खोक्यावरच्या चित्रात पुढचा पँटोग्राफ वर दाखवलाय. आपल्याकडे एक इंजिन गाडी ओढत असेल तेव्हा साधारणपणे मागचा वर असतो, म्हणजे तुटला तरी तुकडे दुसऱ्यावर येत नाहीत. मांडणी करताना मागचाच वर ठेवा. दोन इंजिनं जोडली असतील तर प्रत्येकाचा एक.

सगळ्यात मोठी चूक नंबराची. आलेल्या मॉडेलवर ३१ हजारांच्या मालिकेतला सुरुवातीचा नंबर आहे आणि छपरावर मात्र केबिनच्या एसीचं युनिट आहे. हे अशक्य नाही, जुन्या इंजिनांनाही नंतर एसी बसवले गेले. पण बसवले ते सगळ्यांना एकाच वेळी नाही. म्हणून नंबर निवडताना त्याच नंबराच्या खऱ्या इंजिनाचा छपरासकट फोटो हवा, आणि फोटोची तारीखही. वॅग-९ची मूळ रचना एबीबीची. चित्तरंजनला १९९८ पासून ती बनायला लागली, तेव्हापासून या इंजिनात बरेच बदल झालेत. सुरुवातीच्या इंजिनांत जीटीओ कन्व्हर्टर (मोटरला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेचा जुना प्रकार) होते. सुटताना ती पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा सूर काढतात. नंतरच्या आयजीबीटीवाल्यांचा आवाज वेगळा, जास्त सपाट. आवाजाच्या आवृत्तीत जीटीओचा सूर भरलाय, तो ऐकायला छान आहे, पण जोडीला दिलेल्या स्टिकरवर ४१ हजारी नंबर आहेत! तेव्हा नंबर आणि आवाज एकमेकांशी जुळवूनच लावा. हॉर्न मात्र निव्वळ परदेशी. फाटकावर ऐकू येतो तो दोनसुरी भोंगा तुमच्या कानात असेल तर ही फाइल पहिल्या दिवशीच बदलाल.

स्टिकर पाण्यात भिजवून सरकवायचे आहेत. शेडची, म्हणजे इंजिनं जिथे सांभाळली जातात त्या ठिकाणांची, नावं तीन: अजनी, गोमो, लालागुडा. इथल्यांनी अजनीच लावावं. बल्लारशाकडची मांडणी असेल तर लालागुडाही शोभेल. आधी त्या जागेवर चकचकीत क्लिअर कोट, तो सुकल्यावर स्टिकर कोमट पाण्यात २०-३० सेकंद, मग ब्रशने सरकवून वर सेटिंग सोल्यूशनचा एक थेंब. शेवटी मॅट कोट. चकचकीत थर न देता थेट मॅट रंगावर लावलं तर कडांखाली हवा अडकते आणि स्टिकरभोवती चंदेरी किनार दिसते. बहुतेक तक्रारींचं मूळ हेच आहे, स्टिकर वाईट नाहीत.

वॅप-७ (प्रवासी गाड्यांचं इंजिन) घ्यायचंय पण मिळत नाही म्हणून हेच पांढऱ्या-लाल रंगात रंगवू, असा विचार असेल तर जरूर करा. दोन्हींचं अंग जवळपास सारखंच. खरा फरक गिअरच्या गुणोत्तरात आणि वेगात आहे: वॅग-९ ताशी १०० किमीचं, वॅप-७ ताशी १४० चं. २००० साली आलेल्या पहिल्या वॅप-७चा नंबर ३०२०१. विदर्भ एक्सप्रेसच्या पुढे वॅप-७ लावायचं असेल तर नंबर ३०, ३७ किंवा ३९ हजारांतला घ्या, ३१ नको. वॅग-१२ हे मालगाडीचं दुसरं इंजिन करायचं ठरवलं असेल तर मात्र या मॉडेलचा काही उपयोग नाही. ते दोन भागांचं आहे आणि एकेका भागाला चारच धुरे.

चालण्याबद्दल. पाच पोलची मोटर, दोन फ्लायव्हील, सहाही धुऱ्यांना गिअर. हळू चालवताना गुळगुळीत चालतं. ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर ते जातं, पण पुढचं टोक इतकं बाहेर झुकतं की शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासेल. ५६० मिमीच्या खाली जाऊ नका. कपलर (डबे जोडणारा आकडा) अमेरिकन नकल पद्धतीचा आहे आणि इथे तो दोष नाही. मालगाडीचा मधला सीबीसी (सेंटर बफर) कपलर दिसायला तसाच असतो. उंची मात्र अर्धा मिमी खाली होती. कपलरच्या खोबणीत एक पातळ प्लास्टिकची चकती घातली की बसतो. न घातल्यास चढावर डबे सुटतात.

मागे ओढायला बॉक्सएन वाघिणी, म्हणजे वरून उघडे मालडबे. एक खरी वाघीण १०,७१३ मिमी, एचओमध्ये १२३. पूर्ण ५८ वाघिणींची गाडी करायची तर सात मीटरच्या वर रूळ नुसता गाडीला लागेल. पडवी असेल तर करा. बाकीच्यांनी १२ वाघिणी घ्याव्यात, दीड मीटरमध्ये डोळ्याला गाडी वाटते. वाघीण हलकी असेल तर वळणावर उडते. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची शिफारस अशी: २८ ग्रॅम अधिक दर इंचाला १४ ग्रॅम. त्या हिशेबाने एका वाघिणीचं वजन ९६ ग्रॅमच्या आसपास. आत शिशाचा तुकडा आणि वर बारीक कोळसा. दगडी कोळसा खलबत्त्यात कुटून गाळला तर खरा रंग मिळतो, चुलीतला लाकडी कोळसा नको. तो मऊ असतो, भुकटी होऊन गिअरमध्ये जाते.

भुकटीवरून आठवलं, या भागात मॉडेल बिघडतात ती मोटरमुळे कमी आणि कापसामुळे जास्त. जिनिंग जवळ असेल किंवा घरात कापूस भरलेला असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी रुईचे तंतू हवेत असतात. ते धुऱ्याभोवती गुंडाळतात, तेल पितात आणि गिअरमध्ये घट्ट पाचर बसते. इंजिन अडखळायला लागलं की लगेच जास्त व्होल्ट देऊ नका. मोटर तापेल किंवा डिकोडर (आतला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) जळेल. उलटं करून फोमवर ठेवा, खालची पट्टी चार स्क्रू काढून उघडा, तंतू चिमट्याने ओढा, मग प्लास्टिकला चालणाऱ्या हलक्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब. दर फेरीला टक-टक असा नेमका आवाज येत असेल तर तंतू नाही, धुऱ्यावरचा गिअर चिरलाय. तो बदलावाच लागतो, चिकटवून टिकत नाही. बदलताना दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १४.४ मिमी पुन्हा मोजा. ते चुकलं तर सांध्यावर गाडी घसरते आणि दोष उगाच रुळाला दिला जातो.

उन्हाळा दुसरा शत्रू. अंग एबीएस प्लास्टिकचं आहे, ते टिकतं. बाजूच्या काही जाळ्या मात्र पीएलए या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेल्या आहेत आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली लोखंडी पेटीत ठेवलं तर जाळी वाकते, मग सरळ होत नाही. रुळांचंही तसंच: प्लायवर रूळ हिवाळ्यात घट्ट जोडून बसवले तर एप्रिलमध्ये फुगून वर उचलतात. सांध्यात एकेक मिमी फट सोडा. कुलर लेआउटच्या, म्हणजे रुळांच्या मांडणीच्या, खोलीत असेल तर त्याच्या पाण्यातल्या क्षाराचा थर रुळावर बसतो, चाकं ठिणग्या टाकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन रूळ पुसा. सँडपेपर नाही, ओरखड्यांत घाण आणखी साचते. आणि वीज गेल्यावर चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर जुन्या ट्रान्सफॉर्मरचा कंट्रोलर चालवू नका, तो गुणगुणतो आणि तापतो. एसएमपीएस अडॅप्टर लावा.

हिरवा रंग नवा असताना फार झगमगीत आहे. खऱ्या इंजिनाचा हिरवा उन्हाने फिका पडतो. छपरावर पँटोग्राफच्या कार्बन पट्टीची काळी धूळ असते, खाली बोगीवर तपकिरी. इंजिनापेक्षा वाघिणींवर गंज जास्त ठेवा. वॅग-९ बरंचसं ब्रेकिंग मोटरनेच करतं, वीज उलट तारेत देतं, त्यामुळे ब्रेकची लोखंडी भुकटी त्याच्या अंगावर तेवढी उडत नाही. इतका बारकावा ज्या मॉडेलवर दिसला ते बनवणाऱ्याने पुलावर उभं राहून पाहिलंय हे ओळखू येतं.

सुटे भाग मिळतात, पण कारखाना एका तुकडीचे भाग दुसऱ्या तुकडीला पाठवतो. पँटोग्राफ मागवाल तेव्हा जोडीने मागवा. एकटा मागवला की घडी केल्यावर दुसऱ्यापेक्षा दीड मिमी उंच राहतो आणि पुलावरून छप्पर पाहिलेल्या माणसाची नजर थेट तिथेच जाते.