लाइटबर्न: कोणत्या मशीनशी जमतं आणि कुठे अडतं

लाइटबर्न हे लेझर मशीन चालवणारं विकतचं सॉफ्टवेअर. लेझर एनग्रेव्हिंग मशीनच्या खोक्यावर ‘लाइटबर्न सपोर्टेड’ छापलेलं असतं. तेवढ्यावर लायसन्स विकत घेऊ नये. लाइटबर्नला मशीनच्या ब्रँडशी देणंघेणं नाही, त्याचं बोलणं आतल्या कंट्रोलर बोर्डाशी होतं. ऑर्टर, स्कल्पफन, ॲटमस्टॅक ही नावं वेगळी असली तरी त्यांच्या डायोड मशीनमध्ये फर्मवेअर (बोर्डावरचं आतलं सॉफ्टवेअर) जीआरबीएल घराण्यातलं असतं, त्यामुळे तिन्ही चालतात. उलट के४० या एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या निळ्या सीओटू (वायूच्या ट्यूबवर चालणाऱ्या) मशीनमध्ये मूळचा एम२ नॅनो बोर्ड असेल तर लाइटबर्न चालतच नाही. तिथे के४० व्हिस्परर किंवा मीरके४०टी ही मोफत सॉफ्टवेअर वापरावी, नाहीतर बोर्ड बदलावा. म्हणून आधी झाकण उघडून बोर्डावरचं नाव वाचा.

जीआरबीएलवर लाइटबर्न उत्तम आहे, पण जोडणी झाली म्हणजे काम झालं असं नाही. मशीन कनेक्ट झालं, हेड हललं, तरी पॉवर चुकीची पडते, ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. कारण बहुतेक वेळा एकच असतं. लाइटबर्नच्या कन्सोल खिडकीत $$ टाइप केलं की सेटिंगची यादी येते. त्यातला $३० चा आकडा (पूर्ण पॉवर म्हणजे किती ते) आणि लाइटबर्नच्या डिव्हाइस सेटिंगमधली ‘एस-व्हॅल्यू मॅक्स’ तंतोतंत सारखी हवी. फर्मवेअरमध्ये २५५ आणि सॉफ्टवेअरमध्ये १००० असेल तर साधारण २५ टक्क्यांच्या वरची प्रत्येक पॉवर पूर्ण ताकदीने पडते, आणि फोटोतल्या सगळ्या मधल्या छटा काळ्याकुट्ट होतात. उलटं असेल तर १०० टक्के देऊनही लेझर पाव ताकदीवरच राहतो आणि ग्राहक मॉड्यूल खराब आहे म्हणून परत पाठवतो.

त्याच यादीत $३२, म्हणजे लेझर मोड, पाहा. तो १ हवा. ० असेल तर पॉवर बदलताना प्रत्येक वेळी मशीन क्षणभर थबकतं आणि तिथे जळका ठिपका उमटतो. १ असेल आणि लाइटबर्न एम४ (वेगानुसार पॉवर बदलणारी कमांड) वापरत असेल, तर कोपऱ्यावर वेग कमी होताच पॉवरही त्या प्रमाणात उतरते. ही सोय जीआरबीएल १.१ पासूनची आहे. जुन्या फर्मवेअरला जीआरबीएल-एम३ हे प्रोफाइल निवडावं लागतं, आणि मग कोपरे थोडे जास्त जळणार हे धरूनच चालावं. मशीनला लिमिट स्विच (हेड टोकाला पोचल्याचं कळवणारे) नसतील तर सुरुवातीलाच ‘ऑटो होम’ बंद ठेवा.

फोटो कोरताना मशीन अडखळतं तेव्हा दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. हिशेब करून पाहा. ११५२०० बॉड या जोडणीच्या वेगाला यूएसबीतून सेकंदाला जेमतेम ११,५०० अक्षरं जातात. ०.१ मिमी अंतराने, ६००० मिमी प्रतिमिनिट वेगाने ग्रेस्केल चित्र कोरायचं म्हणजे सेकंदाला १००० ठिपके, आणि एका ठिपक्याच्या कमांडला साधारण १० अक्षरं. वाट तुंबण्याच्या काठावरच असते. वेग कमी करा किंवा ग्रेस्केलऐवजी डिदर मोड (छटांऐवजी नुसते काळे-पांढरे ठिपके) घ्या. त्यात सारख्या ठिपक्यांची एकच कमांड होते. लॅपटॉपचा स्लीप मोडही बंद ठेवा, कारण इथे काम संपेपर्यंत कमांड लॅपटॉपच पुरवत असतो.

रुईडा बोर्डाच्या सीओटू मशीनवर मात्र हे सॉफ्टवेअर खरं खुलतं. फाइल कंट्रोलरमध्ये पाठवली की लॅपटॉप काढून घेता येतो. आरडीवर्क्स या रुईडाच्या मूळ सॉफ्टवेअरपेक्षा नोड एडिटिंग, कट प्लॅनर आणि मटेरियल लायब्ररी कितीतरी सुटसुटीत. तिथे तीन गोष्टी आधी नीट बसवा. मशीन होम होऊन ज्या कोपऱ्यात थांबतं तोच ओरिजिन निवडा. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली तर डिझाइन मिरर करू नका, ओरिजिन दुरुस्त करा. दुसरं, मिन पॉवर, म्हणजे वेग कमी होतो तेव्हाची पॉवर. ती मॅक्सइतकीच ठेवली तर कोपरे जळतात, ट्यूब पेटण्याच्या मर्यादेखाली गेली तर कोपऱ्यावर रेषा तुटते. तिसरं, वेगाचं एकक. डायोडचे तक्ते मिमी प्रतिमिनिटात आणि रुईडाचे मिमी प्रतिसेकंदात असतात, म्हणजे ६० पटींचा फरक. व्हेंडर सेटिंगला (कंट्रोलरमध्ये कंपनीने भरलेल्या) हात लावण्यापूर्वी बॅकअप फाइल घ्याच.

फायबर गॅल्व्होच्या (हलत्या आरशांनी किरण फिरवणाऱ्या मशीनच्या) बाबतीत हात राखूनच शिफारस करावी लागते. इझीकॅड२ या त्यांच्या मूळ सॉफ्टवेअरवर चालणारे बोर्ड लाइटबर्नला जोडता येतात. इझीकॅडच्या प्लग फोल्डरमधली मार्कसीएफजी७ (markcfg7) फाइल आयात केली की बरीचशी सेटिंग येतात. लेन्सची करेक्शन फाइल बरोबर आली का ते तपासा, नाहीतर चौकोनाच्या बाजू फुगीर येतील. अडचण विंडोजमध्ये आहे: दोन्ही सॉफ्टवेअरना वेगवेगळा ड्रायव्हर लागतो. लाइटबर्नचा घातला की इझीकॅडला मशीन दिसेनासं होतं. रोज दोन्ही वापरायची असतील तर दोन संगणक ठेवलेले बरे.

ग्लोफोर्ज, एपिलॉग, ट्रोटेक ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे घेऊ नये. ही मशीन आपल्याच सॉफ्टवेअरवर चालतात. लाइटबर्नमध्ये डिझाइन करून एसव्हीजी काढता येईल, पण तेवढ्यासाठी इंकस्केप मोफत आहे. एसव्हीजी इकडून तिकडे नेताना ७२ आणि ९६ पीपीआयचा (एका इंचात किती पिक्सेल धरायचे याचा) घोळ सांभाळा: १०० मिमीचं चित्र ७५ मिमी आलं, तर कारण हेच. आयात सेटिंगमध्ये इलस्ट्रेटर की इंकस्केप ते निवडता येतं.

लायसन्सचे दोन प्रकार. कोअर फक्त जीकोड (जीआरबीएलसारख्या) मशीनसाठी. रुईडा किंवा गॅल्व्होला प्रो लागतं. वर्ष संपल्यावर अपडेट थांबतात, सॉफ्टवेअर चालू राहतं. लिनक्सचा आधार १.७ मालिकेनंतर बंद झाला, आणि हा निर्णय अनेक जुन्या वापरकर्त्यांना महागात पडला आहे.

३० दिवसांची मोफत चाचणी पूर्ण सोयींसह मिळते, ती स्वतःच्याच मशीनवर वापरा. आधी १०० मिमीचा चौकोन काढून मोजा. बाजू ९८ मिमी भरली आणि जीआरबीएलमध्ये $१०० ला (आडव्या बाजूला एका मिमीत मोटरची किती पावलं ते) ८० असेल, तर ८० गुणिले १०० भागिले ९८, म्हणजे ८१.६३ टाका, उभ्या बाजूसाठी $१०१. मग १० ते १०० टक्के पॉवरच्या दहा पट्ट्या कोरा. तिसऱ्या पट्टीपासून पुढे सगळ्या सारख्याच काळ्या दिसल्या, तर $३० पुन्हा तपासा.