तेरवीच्या फोटोपासून पोळ्याच्या फ्लेक्सपर्यंत : जिंपमधील ब्लेंडिंग मोडचे परीक्षण

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी लिहिलेले जिंप हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर 1996 साली प्रथम लोकांपुढे आले. ते आजही पूर्णपणे मोफत असून त्याची 3.0 ही आवृत्ती मार्च 2025 मध्ये आली. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या भागात स्टुडिओ चालवणाऱ्याला दरमहा भाडे भरून सॉफ्टवेअर घेणे जड जाते आणि नेटचाही भरवसा नसतो. त्यामुळे एकदा उतरवून घेतले की नेटविना चालणारे जिंप आमच्या कामाला सोयीचे पडते. या परीक्षणात मी फक्त त्यातील ब्लेंडिंग मोडचा, म्हणजे एकावर एक ठेवलेले लेयर (चित्राचे थर) एकमेकांत कसे मिसळायचे हे ठरवणाऱ्या पद्धतींचा, विचार केला आहे, कारण जुने फोटो सुधारण्याचे आमचे बहुतेक काम त्यांच्याच आधाराने होते.

लेयरच्या यादीवर 'मोड' नावाची जी पट्टी असते, तीत दिसणारे प्रत्येक नाव म्हणजे एक हिशेब असतो. चित्रातील प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात आणि नेहमीच्या 8 बिटच्या चित्रात ते 0 ते 255 या मर्यादेत राहतात. वरच्या लेयरचा आकडा आणि खालच्या लेयरचा आकडा घेऊन तिसरा कसा काढायचा, हे मोड ठरवतो. मल्टिप्लायमध्ये दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याला 255 ने भागतात. तेरवीच्या फ्रेमसाठी घरचे लोक पेटीतून काढून आणतात तो फोटो बहुधा विटलेला असतो. त्याच्याच लेयरची प्रत काढून वर मल्टिप्लायमध्ये ठेवली, तर 180 ची फिकट राखाडी छटा 127 वर उतरते, 240 ची जवळजवळ पांढरी जागा मात्र 226 पर्यंतच खाली येते, आणि पुसट झालेले नाक-डोळे पुन्हा उठून दिसू लागतात. पांढऱ्याने गुणल्यास काहीच बदलत नाही, म्हणूनच पांढऱ्या कागदावरची सही किंवा शिक्का स्कॅन करून मल्टिप्लायने पत्रिकेवर ठेवला की कागद नाहीसा होऊन फक्त शाई उरते.

मात्र जुन्या फोटोचा खरा रोग पिवळेपणा हा असतो आणि त्यावर डिव्हाइड हा मोड फार गुणकारी आहे, तरी आमच्या भागातील फारच थोडे कारागीर तो वापरताना दिसतात. फोटोच्या कोऱ्या किनारीवर रंग उचलण्याचे साधन टेकवून कागदाचा आजचा रंग घ्यावा. समजा तो लाल 240, हिरवा 225, निळा 185 असा निघाला. त्या रंगाने भरलेला नवा लेयर वर ठेवून मोड डिव्हाइड केला की खालचा प्रत्येक आकडा कागदाच्या आकड्याने भागून 255 ने गुणला जातो. कागदाला कागदानेच भागल्यामुळे किनार शुद्ध पांढरी होते आणि चेहऱ्यावर, लुगड्यावर, धोतरावर चढलेली पिवळी झाकही त्याच प्रमाणात उतरते. डाग सर्वत्र सारखे नसतील, तर हा लेयर एकाच रंगाने न भरता डागांप्रमाणे मऊ ब्रशने रंगवावा. सगळे गणित हिशेबाने होत असल्याने रंग अंदाजाने सरकवत बसण्यापेक्षा हे काम कितीतरी शुद्ध उतरते.

स्क्रीन हा मल्टिप्लायचा उलटा हिशेब आहे : दोन्ही आकडे 255 मधून वजा करून त्यांचा गुणाकार करायचा, 255 ने भागायचे आणि आलेले उत्तर पुन्हा 255 मधून वजा करायचे. वैशाखाच्या दुपारच्या लग्नात फेट्याखाली काळवंडलेला नवरदेवाचा चेहरा लेयरची प्रत स्क्रीनमध्ये ठेवून आणि तिला काळा मास्क, म्हणजे लेयरचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा, लावून उजळता येतो. 60 ची छटा 106 वर जाते, 200 ची 243 वर थांबते आणि मास्कवर पांढऱ्या ब्रशने जेथे फिरवाल तेथेच उजेड पडतो. अधिक नाजूक कामासाठी 128 च्या राखाडी रंगाने भरलेला लेयर ओव्हरलेमध्ये, म्हणजे खालच्या गडद जागी मल्टिप्लाय आणि उजळ जागी स्क्रीन करणाऱ्या मोडमध्ये, ठेवावा. हा राखाडी रंग चित्रात काहीच बदल करत नाही, त्यामुळे त्यावर अगदी कमी ओपॅसिटीने (अपारदर्शकतेने) काळा-पांढरा ब्रश फिरवून गालावरची सावली हवी तशी घडवता येते आणि मूळ फोटोला हातही लागत नाही.

ए4 स्कॅनरवर न मावणारा जुना सामूहिक फोटो दोन भागांत स्कॅन केला असेल, तर वरचा भाग दोन्ही आकड्यांतील फरक दाखवणाऱ्या डिफरन्स मोडमध्ये ठेवून सरकवावा; जुळलेली जागा काळी दिसते.

कृष्णधवल फोटोत रंग भरण्याच्या कामात जिंपने मला सर्वांत जास्त समाधान दिले आहे. येथे 'एचएसएल कलर' आणि 'एलसीएच कलर' असे दोन मोड आहेत; वरच्या लेयरचा रंग घेऊन खालच्याचा उजेड ठेवायचा हे दोन्हींचे काम, पण उजेड मोजण्याची पद्धत वेगळी. एचएसएलच्या मोजमापात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोहोंचा उजेड 50 टक्केच धरला जातो, परंतु डोळ्याला पिवळा कितीतरी उजळ भासतो. एलसीएचच्या 0 ते 100 च्या मोजपट्टीवर पिवळ्याचा उजेड सुमारे 97 आणि निळ्याचा सुमारे 32 येतो. त्यामुळे आजीच्या नऊवारीवर निळा रंग भरताना एचएसएल कलर वापरल्यास निऱ्यांची छटा गडद होऊन घड्या दबतात, तर एलसीएच कलरमध्ये मूळ फोटोतील उजेड-सावली तशीच राहून फक्त रंग चढतो. चुकीच्या छटेने चेहरा बदलला तर घरातील माणसांना तो आपल्या माणसाचा वाटतच नाही, म्हणून या एका मोडसाठीही जिंप शिकण्यासारखे आहे.

तक्रार करण्यासारखी गोष्ट मोडच्या पट्टीशेजारील छोट्या बटणात दडलेली आहे. 2018 च्या 2.10 आवृत्तीपासून मोडचे डीफॉल्ट (नेहमीचा) आणि लेगसी (जुना) असे दोन गट झाले आणि तीच नावे दोन्ही गटांत आहेत. डीफॉल्ट गटातील अनेक मोड प्रकाशाचा खरा, म्हणजे लीनियर, हिशेब करतात, तर लेगसी गट आकडे जसे आहेत तसेच वापरतो. मल्टिप्लायमध्ये फरक नगण्य आहे : वरील 180 चे उत्तर लीनियरमध्ये 127 ऐवजी 126 येते. साध्या नॉर्मल मोडमध्ये मात्र काळ्यावर पांढरा लेयर 50 टक्के ओपॅसिटीने ठेवला तर जुन्या हिशेबाने 128 आणि लीनियर हिशेबाने 188 मिळते, म्हणजे फोटोशॉपच्या सवयीने केलेली सावली येथे हमखास फिकी पडते. लेयरवर उजवे बटण दाबून कंपोझिट स्पेस (लेयर मिसळण्याचा हिशेब) पर्सेप्च्युअल, म्हणजे आकडे जसे आहेत तसेच वापरणारी, केल्यास ही अडचण सुटते, परंतु नवख्याला हे कोणी सांगत नाही. शिवाय 2.8 पर्यंतच्या आवृत्त्यांतील ओव्हरले हा प्रत्यक्षात सॉफ्ट लाइट हा सौम्य मोडच होता, त्यामुळे त्या काळातील फायलींतील पद्धत पाहून नव्या फायलीत ओव्हरले लावणाऱ्याला जास्त भडक परिणाम दिसेल.

पोळ्याच्या किंवा ग्रामपंचायत निवडणुकीच्या फ्लेक्ससाठी जिंप एकटे पुरत नाही. त्यात सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबात, थेट काम करता येत नाही आणि स्क्रीन मोडने उजळलेला झगझगीत निळा छपाईत जांभळट उतरतो. त्यामुळे बैलजोडीचा आणि माणसांचा फोटो जिंपमध्ये सुधारून मजकुराची मांडणी कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करावी आणि मोठे काम छापायला पाठवण्यापूर्वी छापणाऱ्याकडून हातभर तुकडा काढून घ्यावा.