लायकोपीन की कॅटेचिन : उन्हाने येणाऱ्या सुरकुत्यांविरुद्ध आहारातील दोन संयुगे

अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होणारे क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू एमएमपी-१ हे विकर वाढवतात आणि ते विकर त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे तोडते; त्यातून सुरकुत्या पडतात. टोमॅटोतील लायकोपीन आणि ग्रीन टीमधील कॅटेचिन ही दोन्ही संयुगे या साखळीला आवर घालतात, पण दोघांची चाल वेगळी आहे.

लायकोपीन मेदात विरघळते, त्यामुळे कच्च्या फोडीपेक्षा तेलात शिजवून घट्ट, गडद लाल केलेल्या गरातून ते अधिक शोषले जाते आणि आठवडे सरतील तसे त्वचेत साठत जाते. २००१ सालच्या एका जर्मन प्रयोगात रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलासह घेणाऱ्यांच्या त्वचेवर १० आठवड्यांनंतर किरणांमुळे येणारी लाली सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली. चौथ्या आठवड्यात मात्र फरक दिसला नव्हता.

कॅटेचिन पाण्यात विरघळतात आणि काही तासांतच रक्तातून ओसरतात. त्यांच्यावरील १२ आठवड्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, तर दोन वर्षांच्या एका चाचणीत त्यांच्या गोळ्या प्लासिबोपेक्षा, म्हणजे सक्रिय घटक नसलेल्या दिखाऊ गोळ्यांपेक्षा, सरस ठरल्या नाहीत.

म्हणून माझा कल लायकोपीनकडे आहे. अर्थात लाली कमी होणे म्हणजे सुरकुत्या टळणे नव्हे, आणि सनस्क्रीनची जागा यांपैकी कोणीही घेत नाही.