कंपनीत नवा भागधारक घेताना : बडोद्यातील एका कॉर्पोरेट वकील कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण

कॉर्पोरेट वकिलाची गरज लहान उद्योजकाला नेमकी केव्हा लागते, आणि लागलीच तर त्यासाठी मुंबई किंवा अहमदाबाद गाठावे लागते का, हा प्रश्न आमच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत वारंवार निघतो. आमच्या कुटुंबाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत पुण्याच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीने पैसे गुंतवून भागधारक होण्याची तयारी दाखवली, तेव्हा कराराचे सगळे काम आम्ही अलकापुरीतील एका वकील कार्यालयाकडे सोपवले. आता शेअर वाटून झाले आहेत, पैसे वापरात आले आहेत आणि शेवटचे बिलही चुकते झाले आहे. कार्यालयाचे नाव मात्र मी लिहीत नाही. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे आपल्या व्यवसायाची जाहिरात करू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ आहे आणि माझी स्तुती त्यांच्या अंगाशी यावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय काही तक्रारीही लिहायच्या आहेत.

आमच्या वडिलांच्या पिढीला वकील म्हटला की सूरसागराजवळच्या न्यायमंदिराच्या पायऱ्या चढणारा काळ्या कोटातला माणूस डोळ्यांपुढे येई. या कार्यालयातले वकील कोर्टात क्वचितच उभे राहतात. त्यांचे काम करारांचे मसुदे करणे, कंपनीची जुनी कागदपत्रे तपासणे, समोरच्या पक्षाच्या वकिलांशी एकेका कलमावर वाटाघाटी करणे आणि कंपनी निबंधकाकडे वेळेत फॉर्म भरले जातील हे पाहणे, असे असते. प्रकरण विकोपाला गेलेच तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे अहमदाबाद खंडपीठ आहे, पण तेथे जाण्याची वेळ येऊ न देणे यासाठीच आपण फी घेतो, असे तेथील मुख्य वकीलबाई स्पष्ट सांगतात. बडोद्याला हा व्यवसाय परका नाही. संस्थानाचा स्वतःचा कंपनी कायदा होता आणि १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने दहा लाख रुपयांच्या भरणा भांडवलावर बँक ऑफ बडोदा त्याच कायद्याखाली उभी राहिली.

पहिल्या बैठकीत त्यांनी कराराविषयी जवळजवळ काहीच विचारले नाही. त्यांनी मागितल्या त्या सदस्य नोंदवही, संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते आणि कंपनीची नियमावली. गुंतवणूकदाराचे वकील ड्यू डिलिजन्स, म्हणजे कंपनीच्या कागदपत्रांची कसून तपासणी, करतीलच, त्याआधी आपले घर आपण तपासावे, हा त्यांचा आग्रह होता आणि तो किती योग्य होता हे लगेच दिसले. वडिलांच्या निधनानंतर त्यांचे शेअर वारसांकडे आल्याचे आमच्या आधीच्या सल्लागाराने वार्षिक विवरणपत्रात दाखवले होते, पण सदस्य नोंदवहीत तशी नोंद नव्हती आणि मंडळाचा ठरावही सापडत नव्हता. पुण्याच्या वकिलांच्या हाती ही गोष्ट आधी लागली असती तर शेअरच्या किमतीवर घासाघीस सुरू झाली असती. कार्यालयाने वारसाहक्काची कागदपत्रे जमवून, मंडळाची सभा घेऊन ती नोंद रीतसर पुरी करवली आणि मगच आम्हाला टर्म शीटवर, म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींच्या प्राथमिक कागदावर, सही करू दिली.

या सेवेचे खरे मोल मला ज्या एका कलमात दिसले, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. गुंतवणूकदाराच्या मसुद्यात अशी अट होती की मूळ भागधारक आणि त्यांचे ‘नातेवाईक’ कंपनीत असेपर्यंत आणि बाहेर पडल्यावर पुढची पाच वर्षे तशाच प्रकारचा व्यवसाय करणार नाहीत. नातेवाईक या शब्दाचा अर्थ कंपनी कायद्याप्रमाणे घ्यावा, असेही लिहिले होते. आमच्या मोठ्या भावाचा मुलगा वेगळे वर्कशॉप चालवतो आणि आमच्याच धंद्यातले काही सुटे भाग बनवतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या नियमांत नातेवाइकांची जी यादी आहे तीत आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ आणि बहीण येतात, पुतण्या येत नाही, हे पाहून आम्ही निश्चिंत झालो होतो. वकीलबाईंनी मात्र विचारले, “तुमच्या एकत्र हिंदू कुटुंबाची आयकराची फाइल अजून चालू आहे का?” ती चालू होती. कायद्याच्या मूळ व्याख्येत एकाच एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्यही परस्परांचे नातेवाईक ठरतात, त्यामुळे यादीत नसलेला पुतण्या त्या वाटेने कलमात ओढला गेला असता आणि आमच्या सहीने त्याचे वर्कशॉप अडचणीत आले असते.

यावर आमच्या एका परिचिताने सुचवले की १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे व्यवसायावर बंदी घालणारा करार तसाही रद्दबातल असतो, मग सही करून टाकायला काय हरकत आहे? हा सल्ला मोहात पाडणारा होता. वकीलबाईंनी तो फेटाळला आणि त्यामागचे कारण नीट समजावले. त्या कलमाला धंद्याचा नावलौकिक विकण्याच्या व्यवहाराचा अपवाद आहे. आमच्या व्यवहारात नवे शेअर निघत होते, नावलौकिक विकला जात नव्हता, म्हणून अपवाद लागू पडणे कठीण होते. तरीही रद्द ठरेल अशा कलमावर जाणूनबुजून सही करणे म्हणजे पुढच्या भांडणाचे बी आज पेरणे होय, आणि न्यायालयात आपली बाजू खरी ठरेपर्यंत भागीदारी संपलेली असते, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी ‘नातेवाईक’ हा शब्दच काढून टाकला गेला, त्या जागी आम्हा तिघा भावंडांची नावे आली, बंदी कंपनीत असेपर्यंतच राहिली आणि पुतण्याच्या वर्कशॉपचा उल्लेख कराराच्या परिशिष्टात उघडपणे केला गेला. पुण्याच्या बाजूनेही ते खळखळ न करता मान्य केले, कारण सगळे आधीच स्वच्छ सांगितलेले होते.

भावंडांमधला तोंडी समझोताही त्यांनी तसाच कागदावर आणवला. कोणाला शेअर विकायचे झाल्यास आधी घरच्यांना विचारायचे, हे आमच्याकडे वर्षानुवर्षे ठरलेले आहे. व्ही. बी. रंगराज विरुद्ध व्ही. बी. गोपालकृष्णन या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका कुटुंबाच्या कंपनीतील समझोता बंधनकारक मानला नव्हता, कारण शेअर हस्तांतरणावरचे ते बंधन कंपनीच्या नियमावलीत लिहिलेले नव्हते. म्हणून भागधारकांचा करार आणि नियमावली या दोन्ही ठिकाणी एकच मजकूर जाईल, याकडे त्यांनी शब्द न् शब्द ताडून लक्ष दिले.

पैसे आल्यानंतरची शिस्तही त्यांनीच राखली. खाजगी वाटपाचे, म्हणजे ठरावीक गुंतवणूकदाराला थेट शेअर देण्याचे, पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात, ते मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटावे लागतात, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा शेअरवाटपाची माहिती देणारा फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरावा लागतो आणि तो भरला जाईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. आमच्या धाकट्या भावाला नव्या मशिनची आगाऊ रक्कम त्याच आठवड्यात द्यायची होती. कार्यालयाने ते ठामपणे थांबवले आणि फॉर्म दुसऱ्याच दिवशी भरून त्याची अडचणही दूर केली. मूल्यांकन अहवाल, विशेष ठराव, मुद्रांक शुल्क ही बाकीची कामे विनातक्रार पार पडली.

आता तक्रारींकडे वळतो. फीचा मामला अधिक स्पष्ट असायला हवा होता. ठरावीक मसुद्यांपर्यंत एकरकमी फी आणि त्यापुढे तासाप्रमाणे आकारणी, असे पत्रात होते. पण ती मर्यादा ओलांडली गेल्याचे आम्हाला बिल आल्यावर कळले आणि तपशील मागितल्यावरच मिळाला. दुसरे असे की आमची फाइल पहिल्यापासून पाहणारा तरुण असोसिएट मध्येच एका रसायन कंपनीच्या विधी विभागात नोकरीला गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या मुलीने दिलेलीच कागदपत्रे पुन्हा मागितली. माणसे जातात हे समजण्यासारखे आहे. फाइल नीट सोपवून जाणे ही कार्यालयाची जबाबदारी आहे. तिसरी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळे करार इंग्रजीत होते. आमच्या वहिनींच्या नावावर शेअर आहेत आणि त्यांचे सगळे वाचन मराठीत आहे. वकीलबाईंनी घरी येऊन त्यांना प्रत्येक मुद्दा मराठीत समजावला, त्यांच्या शंका ऐकल्या, सहीची घाई केली नाही, हे मी आदराने नमूद करतो. तरीही बडोद्यासारख्या शहरात, जिथे कुटुंबाच्या कंपन्या मराठी आणि गुजराती घरांत चालतात, कराराचा दोन पानी सारांश ग्राहकाच्या भाषेत लेखी मिळालाच पाहिजे.

आमचे काम संपल्यावर धाकट्या भावाची मुलगी, जी महाराजा सयाजीराव विद्यापीठात कायदा शिकते, तिने याच कार्यालयात इंटर्नशिप केली. क्लायंटची एकही गोष्ट घरी सांगणार नाही, असे तिने आम्हाला आधीच बजावले आणि ते पाळलेही. दिनक्रम मात्र तिच्याकडून कळला. सकाळ सेबी, रिझर्व्ह बँक आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नव्या परिपत्रकांवर नजर टाकण्यात जाते. मग रात्री समोरच्या बाजूने पाठवलेल्या मसुद्यातील बदल दाखवणाऱ्या लाल खुणा एकेक करून वाचायच्या, कारण एखादा ‘आणि’ बदलून ‘किंवा’ झालेला असू शकतो. दुपारी कॉल, संध्याकाळी पुन्हा मसुदा. प्रत्येक सहा मिनिटांच्या कामाची नोंद टाइमशीटमध्ये करायची. व्यवहार क्लोजिंगला, म्हणजे पुरा होण्याच्या टप्प्याला, आला की रात्रीचे जेवण कार्यालयातच होते, आणि हा भार बहुतांशी सर्वांत तरुण वकिलांवर पडतो. त्यांच्या मेहनतीवरच आमच्यासारख्यांचे काम वेळेत होते, म्हणून त्यांना विश्रांती मिळावी, याची काळजी कार्यालयाने आणि आम्ही ग्राहकांनीही घेतली पाहिजे.

आपल्या मुलांना या वाटेला पाठवू इच्छिणाऱ्या पालकांसाठी थोडे सांगतो. पदवीनंतर राज्याच्या बार कौन्सिलकडून सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा हे टप्पे सर्वांना सारखेच आहेत. त्यापुढे कार्यालयात राहिल्यास असोसिएट, सीनियर असोसिएट आणि पुढे पार्टनर अशी चढण आहे. कंपनीच्या विधी विभागात गेल्यास वेळा पुष्कळशा निश्चित असतात, पण बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, त्यामुळे सनद स्थगित करावी लागते. ही गोष्ट नोकरी स्वीकारण्यापूर्वी माहीत असावी. कंपनी सेक्रेटरीची परीक्षा सोबत दिली तर दोन्ही दारे उघडी राहतात. दिवाळखोरी संहितेखालचे काम करायचे असेल तर वकिलाला दहा वर्षांच्या अनुभवानंतर इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल, म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणे हाताळणारा नोंदणीकृत व्यावसायिक, होता येते, आणि परदेशी गुंतवणुकीच्या व्यवहारांची आवड असेल तर गांधीनगरची गिफ्ट सिटी हे आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र जवळ आहे. आमची पुतणी पदवीनंतर दोन-तीन वर्षे याच कार्यालयात काम शिकणार आहे. मुंबईत फाइलचा एक तुकडा हाताळायला मिळतो, येथे पहिल्या बैठकीपासून शेवटच्या फॉर्मपर्यंत सगळे पाहता येते, हे तिचे कारण मला पटते.

कुटुंबाची कंपनी असलेल्या आणि बाहेरचा पैसा घेऊ पाहणाऱ्या बडोद्यातील उद्योजकांना मी अशा स्थानिक कार्यालयाकडे जाण्याची निःसंकोच शिफारस करतो. जाताना सदस्य नोंदवही, इतिवृत्ते, नियमावली आणि कर्जाची मंजुरीपत्रे सोबत न्यावीत. फीची मर्यादा ओलांडण्याआधी लेखी कळवण्याची अट पहिल्याच पत्रात घालून घ्यावी. वार्षिक सभांची मुदत ३० सप्टेंबरला संपते आणि मार्चअखेर व्यवहार उरकण्याची घाई असते, त्यामुळे हे दोन महिने टाळून वेळ मागितल्यास मुख्य वकील स्वतः फाइल वाचतात.