मायफोर्ड एमएल७: जुना लेथ घेणाऱ्यांसाठी

माझ्याकडे आला तेव्हा या लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावर, रंगाचे तीन थर होते आणि नावाची पट्टी गायब होती. टेलस्टॉककडच्या (जॉबला दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या भागाकडच्या) टोकाला बेडची, म्हणजे खालच्या लांब पायाची, मागची पट्टी रॉकेलच्या बोळ्याने पुसली, तर 'के'ने सुरू होणारा नंबर दिसला. एमएल७ची हीच खूण. त्याच कंपनीच्या सुपर ७ या मॉडेलचा नंबर 'एसके'ने सुरू होतो. हेडस्टॉकच्या (स्पिंडल, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, धरणाऱ्या भागाच्या) बेअरिंगांवर बोल्टने आवळलेल्या टोप्या आणि वर थेंब-थेंब तेल सोडणारे दोन ऑइलर दिसल्यावर शंका उरली नाही.

१९४६ साली आलेलं हे मशीन. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचा मायफोर्डचा मूळ कारखाना २०११मध्ये बंद झाला.

स्पिंडलमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता. डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून चकात (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) सळई धरून उचलली, तर काटा चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग) हलला. मी नव्या बेअरिंगांच्या शोधातच होतो, पण आधी टोपी उघडली ते बरं झालं. व्हाइट मेटलच्या (मऊ मिश्रधातूच्या) बेअरिंगच्या दोन अर्ध्या भागांमध्ये पापुद्र्यांची शिम, म्हणजे फट राखणारी पातळ पट्टी, असते, एकेक पापुद्रा दोन थाऊंचा. दोन्ही बाजूंचा एकेक पापुद्रा काढायचा, टोपी आवळायची, तेल सोडून स्पिंडल हाताने फिरवून बघायचा. जड झाला तर परत उघडायचा. एक दुपार गेली आणि प्ले एका थाऊवर आला. झीज भरून काढायची सोय मशीनच्या पोटातच ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बेडला मात्र वेळ द्यावा लागतो. १९७२च्या आधीच्या बेडवर सॅडल (हत्यार वाहून नेणारा सरकता भाग) पुढच्या एकाच पट्टीला धरून सरकतं, त्यामुळे चकाजवळ झीज होते. तिथे गिब (सॅडलचा ढिलेपणा काढायची पट्टी) आवळली की टेलस्टॉककडे सॅडल अडकतं. मागच्या पट्टीची मागची उभी बाजू सहसा कोरी असते. सॅडलला आतून पोलादी पट्टी लावून त्या कोऱ्या बाजूचा आधार घेतला की बेड ग्राइंडिंगला न पाठवता काम भागतं. माझं भागलं.

वेग ३५ ते ६४० आरपीएम. बारीक ड्रिलला तो कमीच पडतो. स्पिंडलच्या आट्या १ १/८ इंच व्यासाच्या, १२ टीपीआय (इंचाला १२ आटे) आहेत. चक घेताना मोजूनच घ्या. चेंज गिअर (आटे पाडताना बदलायचे गिअर) २० डीपीचे (व्यासाच्या इंचामागे २० दात), दाताच्या उताराचा कोन साडेचौदा अंशांचा. २० अंशांचा गिअर वरून सारखाच दिसतो, पण दात नीट बसत नाहीत.

आता शंभर मिमी लांबीच्या जॉबवर दोन टोकांच्या व्यासात एका शतांश मिमीचा फरक येतो. रंग अजून दिलेला नाही.