मरिनर्सची कार्डे: दहा महिन्यांच्या संग्रहानंतर

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेसबॉल कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या त्या वर्षीच्या संचाचा पहिला भाग दुकानांत आला आणि त्याच आठवड्यात मी सिएटल मरिनर्स या एकाच संघाची बेसबॉल कार्डे, म्हणजे खेळाडूंची छापील छायाचित्रे, जमवायला सुरुवात केली. सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला राहायला येऊन सात वर्षे झाली होती, मैदान घरापासून अर्ध्या तासावर होते आणि तरीही हा खेळ मला कार्यालयातील गप्पांपुरताच ठाऊक होता. आज माझ्याकडे ४१२ कार्डे आहेत आणि त्यांपैकी सीलबंद पाकिटे फोडून मिळालेली केवळ १९ आहेत. या छंदाविषयी मला जे सांगायचे आहे, त्यातील बरेचसे या दोन आकड्यांत आले.

पाकीट फोडण्यात मौज आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. लहानपणी बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे ज्यांनी जमवली आहेत, त्यांना ती धाकधूक समजावून सांगायला नको. परंतु एकाच संघाचा संग्रह करणाऱ्यासाठी हा सर्वांत महागडा मार्ग आहे. पहिल्या भागात ३५० कार्डे आहेत आणि संघ ३०. म्हणजे आपल्या संघाच्या वाट्याला जेमतेम ११ किंवा १२ कार्डे येतात. प्रत्येक ३० कार्डांमागे सरासरी एक आपले निघते आणि जसजसा संग्रह वाढतो, तसतशी ते एक कार्डही आधीच मिळालेले असण्याची शक्यता वाढत जाते. पहिल्या दोन महिन्यांत मी साडेपाचशेच्या आसपास कार्डे निघतील इतकी पाकिटे फोडली. त्यांत मरिनर्सची १९ होती आणि त्यांतलीही ८ दुबार होती. उरलेली पाचशेहून अधिक कार्डे, ज्यांत यँकीज आणि डॉजर्स या संघांचा भरणा आहे, बुटांच्या दोन खोक्यांत पडून आहेत आणि सौभाग्यवतींनी त्यांविषयी दोनदा विचारणा केली आहे.

नंतर कळले की टॉप्स दरवर्षी प्रत्येक संघाचा साधारण १७ कार्डांचा वेगळा लहान संचही विकते आणि त्याची किंमत एका जेवणापेक्षा अधिक नसते. त्याहून मोठा शोध म्हणजे कार्डांच्या प्रदर्शनांतील आणि जुन्या दुकानांतील खोकी. विक्रेते बिनमहत्त्वाची कार्डे लांबट पुठ्ठ्याच्या खोक्यांत उभी रचून एका डॉलरला किंवा पाव डॉलरलाही एक या दराने विकतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी कंपन्यांनी कार्डे इतकी बेसुमार छापली की त्या काळातील बहुतेक कार्डांना आज किंमत उरलेली नाही. गुंतवणूक म्हणून त्या वेळी ती माळ्यावर जपून ठेवणाऱ्यांचे नुकसान झाले. माझ्यासारख्याचा मात्र त्यामुळे फायदाच झाला. एका शनिवारी तीन तास वाकून खोकी चाळली, २६ डॉलर खर्च झाले आणि ७० कार्डे घेऊन घरी आलो. पाठ दुखली, पण त्या दिवसाइतका आनंद एकाही पाकिटाने दिला नव्हता.

‘ब्रेक’ नावाचा प्रकारही करून पाहिला. यात विक्रेता थेट चित्रीकरणासमोर पेट्या फोडतो, आपण आधीच एका संघाची जागा विकत घेतलेली असते आणि त्या संघाची निघतील ती कार्डे आपली होतात. कल्पना आमच्यासारख्यांसाठीच काढल्यासारखी वाटते. मात्र मी ज्या विक्रेत्याकडे पैसे भरले, तो साधी कार्डे टपालाने पाठवतच नव्हता, फक्त स्वाक्षरीची किंवा मोजक्या प्रतींची क्रमांकित कार्डे पाठवत असे. अट बारीक अक्षरांत लिहिलेली होती, चूक माझी.

नवोदितांनी आणखी दोन गोष्टींपासून सावध राहावे. पहिली म्हणजे ‘पॅरलल’. एकच छायाचित्र निरनिराळ्या रंगांच्या किनारींत छापले जाते, सोनेरी किनारीच्या प्रती वर्षाच्या आकड्याइतक्या, म्हणजे २०२५ च्या संचात २०२५, असतात, इतर काही रंगांच्या त्याहून पुष्कळ कमी आणि शेवटी एकुलती एक प्रत. सगळे रंग जमवायला निघालेला मनुष्य एकाच छायाचित्रासाठी वर्षभर खिसा रिकामा करत राहतो. दुसरी म्हणजे पनिनीची बेसबॉल कार्डे. त्या कंपनीकडे खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता, लीगचा नव्हता. त्यामुळे कार्डांवरील टोपी आणि गणवेश कोरे दिसतात. एखाद्या खेळाडूच्या चाहत्याला ती चालतील, संघाच्या चाहत्याला त्यांचा उपयोग नाही.

संग्रहाला सीमा हवी म्हणून मी नियम केला: कार्डावर मरिनर्सची टोपी असेल तरच ते अल्बममध्ये जाईल. हा नियम दिसतो तितका सोपा नाही. रँडी जॉन्सन या खेळाडूने येथे जवळजवळ दहा हंगाम गोलंदाजी, म्हणजे त्यांच्या भाषेत पिचिंग, केले. पण तो मे १९८९ मध्ये माँट्रियलहून आला आणि त्याची रूकी कार्डे, म्हणजे पदार्पणाच्या काळातील कार्डे, तेथील एक्स्पोज संघाच्या वेशातली आहेत. ती बाहेर राहिली. उलट मरिनर्सचा गाजलेला खेळाडू केन ग्रिफी ज्युनिअर याचे, अपर डेक या कंपनीच्या १९८९ च्या संचातील पहिल्या क्रमांकाचे कार्ड, जे या संघाच्या संग्रहाचे मुकुटमणी समजले जाते, ते काटेकोरपणे पाहिल्यास नियमात बसत नाही. छायाचित्र काढले तेव्हा तो सॅन बर्नार्डिनोच्या कनिष्ठ संघात होता. टोपी मागाहून रंग चढवून मरिनर्सची केलेली आहे. मी अर्थातच ते घेतले. १८ वर्षांच्या मुलाचे ते हसू नियमासाठी सोडणे मला जमले नसते.

त्या खरेदीचा अनुभव मात्र बरा नव्हता. हे कार्ड छपाईच्या मोठ्या तावावर कोपऱ्यात होते, त्यामुळे त्याचे कोपरे मुळातच नाजूक समजले जातात. आणि एका ऑनलाइन विक्रेत्याने ते साध्या लिफाफ्यात, कडक प्लॅस्टिकच्या टॉपलोडरशिवाय पाठवले. एक कोपरा दुमडला. पैसे परत मिळाले, परंतु दुसरे कार्ड मी समोरासमोर, भिंगाखाली पाहूनच घेतले. स्थितीनुसार गुण देऊन कडक प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद केलेले कार्ड घेण्याचा आग्रह दुकानदाराने धरला होता. पण तसे जाड आवरण अल्बमच्या कप्प्यात बसत नाही, आणि मला कार्ड उलटून मागचा मजकूर वाचायचा असतो.

अल्बम म्हणजे तीन कड्यांची फाइल आणि नऊ कप्प्यांची पाने. पाने पीव्हीसीविरहित घ्यावीत, एवढे पुरे. तळघरात ठेवू नये. येथील पावसाळी हिवाळ्यात माझी चकचकीत क्रोम कार्डे पापडासारखी वाकली होती.

कार्डे वर्षानुसार लावल्यावर जे हाती येते, त्याची मला सुरुवातीला कल्पना नव्हती. २००१ चे पान पाहावे. जॉन्सन १९९८ मध्ये गेला, ग्रिफी फेब्रुवारी २००० मध्ये, अॅलेक्स रॉड्रिगेझ त्याच वर्षाअखेर टेक्सासला. तिघेही या पानावर नाहीत आणि याच संघाने एका हंगामात ११६ सामने जिंकून १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली. जॉन्सनच्या मोबदल्यात आलेले फ्रेडी गार्सिया आणि कार्लोस गियेन, ग्रिफीच्या मोबदल्यात आलेला माइक कॅमरन, जपानहून आलेला इचिरो सुझुकी आणि सिएटलमध्येच राहिलेला एडगर मार्टिनेझ, सगळे शेजारी शेजारी. त्यांत जॉन ओलरूडचे एक कार्ड आहे, ज्यात तो फर्स्ट बेसवर क्षेत्ररक्षण करताना हेल्मेट घालून उभा आहे. क्रिकेटच्या सवयीने मला त्यात काही वावगे वाटले नाही. शॉर्ट लेगला आपण तेच पाहतो. येथे मात्र दुसरा कोणीही तसे करत नाही हे लक्षात आल्यावर शोध घेतला, तेव्हा महाविद्यालयात असताना त्याच्या मेंदूतील रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली होती, असे कळले. पाव डॉलरच्या कार्डाने एवढे सांगितले.

कार्डांच्या मागील आकडे नेहमी एक हंगाम मागे असतात, हेही सवयीने कळते. मरिनर्सच्या कॅल रॅले याने २४ सप्टेंबर २०२५ रोजी हंगामातील ६० वा होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखा टोला) मारला, ग्रिफीचा ५६ चा संघविक्रम त्याआधीच मागे पडला होता आणि त्याच रात्री संघाने २००१ नंतर प्रथमच आपला विभाग जिंकला. माझ्या अल्बममधील त्याच्या २०२५ च्या कार्डामागे मात्र २०२४ चे ३४ होमरनच छापलेले आहेत. ६० चा आकडा पुढच्या संचात येईल; त्याचे ते कार्ड मी सुटेच विकत घेणार आहे.